'क्लासिकल' आणि क्लास फोर

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मी प्रथम वर्षात शिकत होते. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या दर्शनी फलकावर रंगीत खडूने ती बातमी लिहिली गेली, मराठी विभागात पेढे वाटले गेले आणि आम्ही सारे आनंदात घरी परतलो. इंग्रजी वर्तमानपत्रात त्या दर्जाला 'क्लासिकल' असा शब्द होता. नवा शब्द कळला की घरी सांगायची मला खोड आहे. संध्याकाळी मी आप्पांना म्हटले, "आप्पा, आपली भाषा क्लासिकल झाली."

आप्पा तालुक्याच्या न्यायालयात शिपाई आहेत. त्यांनी डोक्यावरची टोपी खुंटीला अडकवली आणि विचारले, "म्हंजे कितव्या क्लासची झाली गं? मी आपला क्लास फोर."

घरात सगळे हसले. मीही हसले. सरकारी कागदावर आता 'गट ड' असे लिहितात, पण बोलताना साहेबापासून शिपायापर्यंत सारे 'क्लास फोर' असेच म्हणतात. आप्पांना वाटले की भाषेलाही आता एखादी श्रेणी लागली असावी. मी त्यांना समजावले की हा शब्द वेगळा आणि तो शब्द वेगळा. पुढे वर्षभरात जे वाचनात आले त्यावरून माझी खात्री झाली की त्या संध्याकाळी चूक माझी होती. शब्द एकच आहे, आणि आप्पांचा प्रश्न त्या शब्दाच्या अगदी मुळाशी जाणारा होता. या एका इंग्रजी विशेषणाची कुळकथा सांगावी आणि त्यावरून मला जे वाटते तेही मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत या शब्दाचा माग लागत नाही, कारण आपण त्याला जागोजागी निरनिराळी वस्त्रे नेसवली आहेत. गाण्याच्या बैठकीत तो 'शास्त्रीय' होतो, साहित्यात 'अभिजात' होतो, शाळेत 'इयत्ता' किंवा 'वर्ग' होतो, कचेरीत 'श्रेणी' होतो आणि रेल्वेत 'क्लास' म्हणूनच राहतो. इंग्रजीत मात्र हे सारे एका घरचे आहेत. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने सांगितले, "क्लासमध्ये शिकवतात ते क्लासिक!" हे उत्तर पूर्णपणे खोटे नाही, हे पुढे दिसेलच. पण शब्द जन्माला आला तो शाळेत नव्हे. तो कराच्या पटावर आणि सैन्याच्या हजेरीत जन्माला आला.

लॅटिन भाषेत 'क्लासिस' असा शब्द आहे. 'कालारे' म्हणजे हाक देणे, पुकारणे, जाहीर करणे. या क्रियापदाशी 'क्लासिस'चे नाते आहे असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. ग्रीकमध्ये 'कालेओ' म्हणजे मी हाक मारतो. रोमन महिन्याचा पहिला दिवस पुकारून जाहीर करीत, म्हणून त्याचे नाव 'कालेन्डे' पडले आणि त्यातून आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर आले. ग्रीक नगरराज्यात लोकसभेला 'एक्लेसिया' म्हणत, म्हणजे पुकारून बोलावलेल्या लोकांचा मेळावा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमला येऊन राहिलेला ग्रीक इतिहासकार डायोनिसियस याने तर लिहून ठेवले आहे की रोमनांचा 'क्लासिस' हा ग्रीक 'क्लेसिस' या शब्दाचाच अपभ्रंश होय. आणि 'क्लेसिस' म्हणजे हाक. आज एकापासून दुसरा झाला असे न म्हणता दोघे एकाच जुन्या मुळापासून निघाले असावेत, असे म्हटले जाते. तात्पर्य एकच: ज्यांच्या नावाने हाक पडते तो 'क्लासिस'. युद्धासाठी पुकारलेले लोक म्हणजे क्लासिस, आणि पुढे लॅटिनमध्ये नौदलालाही हाच शब्द लागला.

हे वाचताना मला थोडा धक्का बसला, कारण आप्पांचे काम तेच आहे. न्यायालयाच्या दारात उभे राहून ते पक्षकारांची नावे पुकारतात. त्यांच्या हाकेशिवाय कोणाचे प्रकरण पुढे सरकत नाही. लॅटिनमध्ये 'कालारे'पासूनच झालेला 'कालातोर' असा आणखी एक शब्द आहे. त्याचा अर्थ हाका मारण्याच्या कामावरचा सेवक. रोममध्ये पुरोहितांच्या पदरी असे कालातोर असत. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर पुकारा करणारा शिपाई.

आता ही हाक कोणाला पडत असे ते पाहू. परंपरेप्रमाणे रोमचा सहावा राजा सर्व्हियस टुलियस याने इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात नागरिकांची मोजदाद केली आणि मालमत्तेप्रमाणे त्यांचे पाच वर्ग पाडले. लिव्ही या इतिहासकाराने दिलेले आकडे असे: एक लाख 'आस' किंवा अधिक मालमत्ता असणारे पहिल्या वर्गात, पंचाहत्तर हजारांचे दुसऱ्या, पन्नास हजारांचे तिसऱ्या, पंचवीस हजारांचे चौथ्या आणि अकरा हजारांचे पाचव्या. 'आस' हे तिथले नाणे. हे आकडे प्रत्यक्षात सर्व्हियसच्या नंतरच्या शतकांतले असावेत असे इतिहासकार मानतात. परंतु पद्धत हीच होती. शस्त्रेही ऐपतीप्रमाणे. पहिल्या वर्गाने शिरस्त्राण, चिलखत, ढाल, भाला सारे स्वतःच्या पैशाने आणायचे. पाचव्या वर्गाच्या हाती गोफण आणि दगड. त्याखालच्या लोकांना युद्धाची हाकच नव्हती.

मतदानाची पद्धत तर विचार करण्यासारखी आहे. मते माणशी मोजली जात नसत, गटागटाने मोजली जात. या गटाला 'सेंचुरिया' म्हणत, म्हणजे शतक. एकूण शतके १९३. त्यांपैकी घोडेस्वारांची १८ आणि पहिल्या वर्गाची ८०, म्हणजे दोन्ही मिळून ९८. बहुमताला लागत ९७. मतदान वरून सुरू होई आणि बहुमत झाले की थांबे. वरचे दोघे एकविचाराने वागले की निकाल तिथेच लागला. खालच्यांना हाक पडायचीच नाही. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, त्या साऱ्यांना मिळून एकच शतक होते. ती माणसे संख्येने कितीही असोत, मत एक.

या तळच्या लोकांना नाव होते 'प्रोलेतारियुस'. 'प्रोलेस' म्हणजे संतती. ज्याच्याजवळ राज्याला देण्यासारखे पोटच्या पोरांखेरीज काही नाही, तो प्रोलेतारियुस. युरोपातील विचारवंतांनी एकोणिसाव्या शतकात कामगारवर्गासाठी जो शब्द वापरला आणि मार्क्समुळे जो जगभर गेला, तो हाच. आणि सर्वांत वरच्यांना नाव होते 'क्लासिकुस'. दुसऱ्या शतकातील लेखक ऑलस जेलियस याने स्पष्ट लिहिले आहे की पाचही वर्गांतल्या लोकांना क्लासिकुस म्हणत नसत. सव्वा लाख आस किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्या पहिल्या वर्गालाच ते नाव होते. बाकीचे 'इन्फ्रा क्लासेम', म्हणजे वर्गाखालचे. आपण ज्याला 'क्लासिक' म्हणतो त्या शब्दाचा पहिला अर्थ हा असा आहे: वरच्या पटीतला करदाता.

गंमत अशी की ही उतरंड ज्याच्या नावावर आहे तो सर्व्हियस स्वतः दासीचा मुलगा होता, असे जुने लोक सांगत. लिव्हीला ते तितकेसे पटत नाही. पण तशी समजूत होती हे तोही नोंदवतो.

आता हा करखात्यातला शब्द साहित्यात कसा शिरला ती हकिगत मला फार आवडली. आमच्या इंग्रजीच्या सरांनी जेलियसच्या ग्रंथाच्या भाषांतराची काही पाने मला वाचायला दिली. त्या ग्रंथाचे नाव 'अ‍ॅटिक रात्री'. अथेन्सच्या परिसरात, अ‍ॅटिका प्रांतात, हिवाळ्याच्या लांबच लांब रात्री टिपणे काढायला सुरुवात केली, म्हणून हे नाव. वाचलेले, ऐकलेले, कोणाच्या घरी झालेले वाद असे सारे त्यात आहे. एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या वहीसारखा तो ग्रंथ आहे.

त्यात जेलियस सांगतो की तरुणपणी तो फ्रॉन्टो या थोर वक्त्याकडे जात असे. एके दिवशी फ्रॉन्टो आजारी असताना मंडळी त्याच्याजवळ बसली होती. त्यांत एक नामवंत कवी होता. तो म्हणाला की मला जलोदर झाला होता, पण तापलेल्या वाळूच्या उपचाराने मी बरा झालो. मात्र बोलताना त्याने 'वाळू' या शब्दाचे अनेकवचन केले. फ्रॉन्टो म्हणाला की तुमचा रोग गेला, पण भाषेतला दोष राहिला! वाळू ही एकवचनीच असते, असे ज्युलियस सीझरने व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे. यावर वाद रंगला. शेवटी फ्रॉन्टोने जमलेल्यांना सांगितले की जा आणि शोधून काढा, जुन्या वक्त्यांपैकी वा कवींपैकी कोणी असे अनेकवचन केले आहे का. पण तो लेखक 'क्लासिकुस' असला पाहिजे, 'प्रोलेतारियुस' चालणार नाही.

'क्लासिकल' लेखक ही कल्पना लेखी स्वरूपात प्रथम भेटते ती इथे. विषय काय, तर वाळूचे अनेकवचन! आपल्या मराठीतही वाळूचे अनेकवचन सहसा होत नाही, म्हणून मला तो वाद अगदी जवळचा वाटला. पण हसून झाल्यावर एक गोष्ट मनात राहिली. चांगला लेखक कोणता, हे सांगण्यासाठी फ्रॉन्टोला उपमा सुचली ती पैशाच्या पटाची. प्रमाण मानावा असा लेखक म्हणजे पहिल्या वर्गाचा करदाता. ज्याचा शब्द धरू नये तो म्हणजे ज्याच्याजवळ पोरांशिवाय काही नाही असा माणूस. कायद्यातही तेच होते. रोमच्या प्राचीन 'बारा फलकां'च्या कायद्यात मालमत्तेच्या माणसाला जामीन राहायचा तर तसाच मालमत्तेचा माणूस लागे; प्रोलेतारियुसला कोणीही जामीन राहिला तरी चालत असे. साक्ष, जामीन, मत आणि शेवटी व्याकरण: सगळीकडे हा एकच पट.

याच जेलियसने आणखी एक प्रसंग दिला आहे. रोमच्या चौकात सुट्टीच्या दिवशी एनियस या जुन्या कवीचे वाचन चालले होते. त्यात 'प्रोलेतारियुस' शब्द आला. तोपर्यंत तो शब्द इतका जुना झाला होता की अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. जेलियसने जवळच्या एका कायदेपंडिताला विचारले. तो म्हणाला की मी कायदा शिकलो आहे, व्याकरण नव्हे. तेव्हा हा तुमच्याच बारा फलकांतला शब्द आहे, असे जेलियसने त्याला दाखवून दिले. शेवटी वाटेने जाणाऱ्या एका कवीने अर्थ सांगितला की ज्यांची मालमत्ता दीड हजार आसांहून जास्त नाही ते प्रोलेतारियुस. म्हणजे गरिबाचे नाव विद्वानांच्या ध्यानातूनही गेले होते. 'क्लासिकुस' मात्र नव्या अर्थाने पुढे चालू लागला.

इथे कोणी म्हणेल की हा सारा शब्दच्छल झाला. शब्द कुठून आला यावरून आज त्याचा अर्थ ठरत नाही. हे मला मान्य आहे. इंग्रजीतील 'नाइस' हा शब्द लॅटिन 'नेस्कियुस'पासून आला. त्याचा मूळ अर्थ अडाणी, न जाणणारा. म्हणून आज कोणाला 'नाइस' म्हटले तर तो रागावत नाही. 'क्लासिकल' म्हणणाऱ्या कोणाच्याही मनात आज सव्वा लाख आस नसतात. शिवाय फ्रॉन्टोची मागणीही वाईट नव्हती. कुठे लिहिले आहे ते दाखवा, पुरावा आणा, असेच तो सांगत होता. आणि विद्यार्थ्याने ते शिकलेच पाहिजे. माझा मुद्दा निराळा आहे. शब्दाचा अर्थ बदलला तरी त्याची जुनी सवय सहजी जात नाही. पट गेला तरी पाहणाऱ्याची नजर वरून खाली येत येत मध्येच थांबते.

आणि खुद्द रोममध्येच ती नजर चुकीची ठरली होती. ज्यांना आज जग लॅटिनचे क्लासिकल लेखक म्हणते त्यांची उत्पत्ती पाहा. नाटककार टेरेन्स हा आफ्रिकेतून आलेला गुलाम होता. मालकाने त्याला शिकवले आणि मुक्त केले, असे त्याच्या प्राचीन चरित्रात आहे. होरेस कवीचा बाप गुलामीतून सुटलेला माणूस, वसुलीचे काम करणारा. होरेसने ते लपवले नाही. बापाने मला शिक्षणासाठी रोमला आणले आणि माझ्याबरोबर गुरुजींच्या दारापर्यंत तो स्वतः येत असे, हे त्याने कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. प्लॉटसविषयी तर जेलियसच सांगतो की व्यापारात सारे पैसे गमावल्यावर त्याने पोटासाठी गिरणीत जाते ढकलण्याचे काम धरले आणि ते काम करता करता तीन नाटके लिहिली. कराच्या पटावर असल्या माणसाची जागा कुठे असणार, ते सांगायला नको. पण फ्रॉन्टोच्या काळापर्यंत हीच मंडळी प्रमाण लेखक झाली होती. पट एक सांगत होता आणि पोथी दुसरेच सांगत होती.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. 'क्लासिस' शाळेतही आला होता. पहिल्या शतकातला थोर शिक्षक क्विन्टिलियन सांगतो की त्याच्या लहानपणी गुरुजी मुलांचे वर्ग पाडीत, गुणांप्रमाणे क्रम लावीत आणि दर महिन्याला परीक्षा घेऊन तो बदलीत. वर्गात पहिले येणे हा सर्वांत मोठा मान असे. इथे पहिला क्रमांक बापाच्या पैशावर नव्हता आणि तो कायमचाही नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे युरोपात सोळाव्या शतकात लेखकांसाठी हा शब्द पुन्हा वापरात आला. १५४८ साली थॉमा सेबिए या फ्रेंच लेखकाने काव्यशास्त्रावरील ग्रंथात तो वापरला तो ग्रीक-लॅटिन कवींसाठी नव्हे, तर जुन्या फ्रेंच कवींसाठी. म्हणजे लोकभाषेच्या कवींसाठी. त्यानंतर इंग्रजीत 'क्लासिकल' आला आणि शाळा-विद्यापीठांत ग्रीक-लॅटिन ग्रंथच शिकवले जात असल्यामुळे 'क्लासिकल' म्हणजे ग्रीक आणि लॅटिन असे समीकरण झाले. माझ्या मैत्रिणीचे उत्तर खरे ठरते ते इथे. १८५० साली सँत-बव या फ्रेंच टीकाकाराने 'क्लासिक म्हणजे काय' या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यात तो जेलियसपर्यंत मागे जातो आणि क्लासिकचे मंदिर मोठे करा, त्यात अधिक लोकांना जागा द्या, असा आग्रह धरतो.

आपण या शब्दाला 'अभिजात' हा प्रतिशब्द घेतला. तो सुंदर आहे, पण त्याच्याही पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे. 'अभि' आणि 'जात' मिळून अर्थ होतो चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. रोमनांनी पैसा मोजला, आपण जन्म मोजला. ज्या देशात जन्मावरून माणसाची पायरी ठरत आली, तिथे हा शब्द जरा जपूनच उच्चारावा, असे मला वाटते.

कारण मराठीने हा मान मिळवला तो कुळाच्या जोरावर नव्हे. या दर्जासाठी भाषेचे साहित्य दीड ते दोन हजार वर्षे जुने असावे, अशी अट आहे. मराठीची ती जुनी मुळे सापडतात महाराष्ट्री प्राकृतात. आणि 'प्राकृत' या शब्दाचा अर्थच सामान्य, साधा, लोकांचा. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'गाथासप्तशती'त राजवाड्यापेक्षा शेत, नदी, पाऊस, शेतकऱ्यांच्या बायका आणि खेड्यातला संसार जास्त आहे. तेराव्या शतकात पंडितांची भाषा संस्कृत असताना महानुभावांनी मराठीचा आग्रह धरला तो साध्यासुध्या बायामाणसांना कळावे म्हणून. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तिचा हेतूही तोच. नामदेवांच्या घरी कामाला असलेली जनाबाई आणि गावकुसाबाहेरचे चोखोबा हे आज आपल्याला अभ्यासक्रमात आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांची कविता पुस्तकरूपाने आली १९५२ साली. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतील बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. प्लॉटस जाते ढकलता ढकलता नाटके रचत होता; आमच्या आजीने दळता दळता ओव्या रचल्या. प्लॉटसला जग क्लासिकल म्हणते. आजीची ओवी मी एकदा निबंधात घातली, तेव्हा 'हे साहित्यात मोडत नाही' असा शेरा समासात मिळाला. शेरा देणाऱ्यांचा मला राग नाही. त्यांनीही कोणाकडून तरी तोच पट घेतलेला असणार.

याचा अर्थ असा नव्हे की आपले म्हणून सारेच चांगले. आजीच्याही सगळ्या ओव्या सारख्या नाहीत. काही नुसत्या यमकासाठी आहेत, हे ती स्वतःच सांगते. निवड हवीच. पण निवड करायची तर आधी सर्वांना हाक पडली पाहिजे. ९८ शतकांवर मोजणी थांबवून पुढच्यांची गुणवत्ता ठरवता येत नाही. क्विन्टिलियनच्या गुरुजींप्रमाणे वर्ग पाडा, पण दर महिन्याला पुन्हा परीक्षा घ्या. जी कृती पिढ्या उलटल्या तरी लोकांना पुन्हा वाचाविशी, म्हणाविशी वाटते ती अभिजात. तिचा कर्ता पटावर कुठे होता हा प्रश्नच त्यात येऊ नये.

हे सारे आता लिहिण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. गेल्या वर्षी ग्रंथालयात एक नवे काचेचे कपाट आले. त्यावर 'अभिजात मराठी' अशी सुबक पाटी आहे. आत ज्ञानेश्वरी आहे, लीळाचरित्र आहे, तुकोबांची गाथा आहे, बहिणाबाईही आहेत. कपाटाला कुलूप आहे. पुस्तक हवे असेल तर लेखी अर्ज, त्यावर प्राध्यापकांची सही, आणि वाचायचे ते तिथेच बसून. दुर्मिळ प्रती जपल्या पाहिजेत हे मला कळते आणि ग्रंथपालांच्या काळजीविषयी मला आदर आहे. परंतु यांतील बहुतेक पुस्तकांच्या नव्या, स्वस्त आवृत्त्या बाजारात मिळतात. दर्जा मिळण्यापूर्वी मी तुकोबांची गाथा घरी नेऊन आप्पांना वाचून दाखवली होती. दर्जा मिळाल्यानंतर ती मला घरी नेता येत नाही. ज्यांच्यासाठी ही भाषा लिहिली गेली, तेच दर्जा मिळाल्यावर 'इन्फ्रा क्लासेम' झाले, असे तर होत नाही ना?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, त्या कपाटातील प्रत्येक पुस्तकाची एक साधी प्रत कुलपाबाहेर ठेवावी आणि ती सर्वांना घरी नेऊ द्यावी. दोन, आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या शेकडो मुलामुलींच्या घरी आज्या आहेत. प्रत्येकाने दहा ओव्या, गाव आणि सांगणारीचे नाव यांसह उतरवून आणल्या तर वर्षभरात एक चांगली वही तयार होईल. ती वही त्याच कपाटात ठेवावी. त्यातले काय टिकेल आणि काय गळेल ते पुढचे वाचक ठरवतील. पण आज निदान त्यांची नावे पुकारली जावीत.

हा लेख लिहून झाल्यावर मी आप्पांना त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. रोमचे वर्ग, सव्वा लाखांची अट, वाळूचे भांडण आणि तो हाका मारणारा कालातोर, सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "पुकारा करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असती. यादीत नाव असंल तर तीनदा पुकारायचं. माणूस लांब बसलेला असतो, त्याला पहिल्या हाकंला ऐकू जात न्हाई."

माझे म्हणणे याहून वेगळे नाही.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)